व्हर्जनराव

आमच्या सोसायटीत त्यांना व्हर्जनराव म्हणतात. खरं नाव तळमजल्यावरच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचतो कोण! वय चव्वेचाळीस, उंची मध्यम, पोट ठरल्या स्कोपच्या किंचित बाहेर गेलेलं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, ते रविवारी कोथिंबीर आणायला जातानाही. कोथरूडहून हिंजवडीला जाणारी कंपनीची बस चौकात सात-चाळीसला येते. हे सात-पंचवीसला हजर. मधली पंधरा मिनिटं म्हणजे बफर. बफर हा त्यांचा आवडता शब्द. बायकोने "कधी येशील?" विचारलं तर ते वेळ सांगत नाहीत, अंदाज सांगतात, आणि त्यावर वीस टक्के चढवतात.

हुद्दा प्रोजेक्ट मॅनेजर. मराठीत प्रकल्प व्यवस्थापक. हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे धरण उभं राहतं, म्हणून मी एकदा विचारलं, "तुम्ही नक्की करता काय?"

"काम टीम करते काका. मी फॉलोअप घेतो."

आतून त्यांच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "आणि आम्ही प्रकल्पग्रस्त. त्याचा दाखला मिळतो ना हो काका, कलेक्टर कचेरीत?"

त्यांची भाषा सोसायटीला झेपत नाही. मागच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीवरून जुंपली, तेव्हा हे उठून शांतपणे म्हणाले, "हा मुद्दा आपण पार्किंग लॉटमध्ये टाकू." त्यांच्या धंद्यात याचा अर्थ 'नंतर बघू' इतकाच. पण दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना वाटलं, टाकी पार्किंगमध्ये येणार. आजोबांची स्कूटर तिथे १९९१ पासून उभी आहे. चालत नाही, पण उभी आहे. सभा पावणेअकराला मोडली. टाकी अजून गळते.

तर २०२३ सालची गोष्ट. व्हर्जनरावांच्या ऑफिसात 'पुनर्रचना' हा शब्द कुजबुजला जाऊ लागला. पुनर्रचना म्हटलं की माणसाने रेझ्युमे काढून धूळ झटकायची असते. कोणीही संध्याकाळी बसून दोन पानं लिहिली असती. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे प्रोजेक्ट हाकले, त्याला स्वतःचा रेझ्युमे नुसता लिहिता येत नाही. त्याचाही प्रोजेक्ट करावा लागतो.

गुढीपाडव्याला मुहूर्ताने किक-ऑफ झाला. गुढीला साखरेची गाठी, शेजारी पाटावर लॅपटॉप. बैठकीच्या भिंतीवर कालनिर्णयच्या बाजूला गँट चार्ट लागला. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरने शंभरेक वर्षांपूर्वी रूढ केलेला हा तक्ता: डावीकडे कामं, वर तारखा, मधे आडव्या पट्ट्या. माहिती गोळा करणे, तीन आठवडे. कच्चा खर्डा, चार आठवडे. तपासणी, दुरुस्ती, पुन्हा तपासणी. आणि गणेशचतुर्थीला 'गो-लाइव्ह', म्हणजे रेझ्युमे बाहेर पाठवायचा. त्या वर्षी अधिक श्रावण होता. सगळ्यांना तो जावयाच्या अनारशांमुळे आठवतो. हे म्हणाले, "काका, पंचांगानेच अख्ख्या महिन्याचा बफर दिला!"

या प्रकल्पात मी कसा ओढला गेलो ते सांगतो. मी चौतीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. लग्नपत्रिका आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतो, मग तारीख. व्हर्जनरावांनी मला 'स्टेकहोल्डर' यादीत घेतलं. माझ्या नावापुढे 'क्वालिटी' असं लिहिलं होतं. चौतीस वर्षांत ऑफिसने मला एवढा मान दिला नव्हता, म्हणून मी हो म्हणालो.

व्हर्जन एक नऊ पानांचं होतं.

पहिल्या पानावर वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट क्रमांक, छंद: वाचन, प्रवास, संगीत ऐकणे. शेवटच्या पानावर 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र, खाली 'स्थळ: पुणे'. म्हटलं, यात आता देवक आणि मामाचं कुळ घाला, नोकरी नाही तरी मुलगी मिळेल. मधल्या सात पानांत चौदा प्रोजेक्ट होते आणि चौदांची हकिकत एकच: ग्राहक, टीममधली माणसं, भूमिका, आणि 'वातावरण'. वातावरण म्हणजे मला वाटलं ऑफिसातलं राजकारण वगैरे. तर तिथे 'विंडोज एक्सपी' लिहिलेलं.

पण खरी गंमत क्रियापदाची होती. मी पेन घेऊन मोजलं. नऊ पानांत एकतीस वेळा 'रिस्पॉन्सिबल फॉर'. वेळापत्रकासाठी जबाबदार, खर्चासाठी जबाबदार, ग्राहकाशी संपर्कासाठी जबाबदार.

"अहो," मी म्हटलं, "आमच्या पेपरात 'जबाबदार' हा शब्द पूल पडल्यावर वापरायचो. अपघाताला जबाबदार कोण, टंचाईला जबाबदार कोण. हा कागद वाचून वाटतं, चौदा ठिकाणी काहीतरी कोसळलं आणि सगळीकडे तुम्हीच सापडलात."

ते गंभीर झाले. वहीत लिहून घेतलं: अ‍ॅक्शन आयटम क्रमांक एक.

पुढे इतर स्टेकहोल्डर जागे झाले. न्यू जर्सीच्या मेहुण्याने कळवलं, "फोटो, वय, लग्न, वडील, सगळं उडवा. इथे ते बघून भेदभाव केला असा आरोप येऊ शकतो, म्हणून कंपन्यांना ते नकोच असतं." स्टुटगार्टच्या भाच्याने कळवलं, "मामा, फोटो हवाच, इकडे तशीच पद्धत आहे." आता पाठवायचा कुठे, तर खराडीला. पण व्हर्जनरावांनी कुणाचंच मन मोडलं नाही. एक जर्सी आवृत्ती निघाली, एक जर्मन आवृत्ती. फायलींची नावं मी पाहिली आहेत: 'फायनल', 'फायनल दोन', 'फायनल जर्सी', 'खरंच फायनल', आणि 'खरंच फायनल फोटोशिवाय'. सौभाग्यवती म्हणाल्या, "लग्नात एवढे कपडे बदलले नव्हते याने."

मग कोणीतरी दोन रकान्यांचा रंगीत साचा पाठवला. डाव्या निळ्या पट्टीत गुणांचे गोल: लीडरशिप ८५ टक्के, कम्युनिकेशन ९० टक्के.

"नेतृत्व पंच्याऐंशी टक्के हे मोजलं कशाने?" मी विचारलं.

"अंदाजाने."

"आणि संवादातले उरलेले दहा टक्के?"

"ते घरी," आतून उत्तर आलं. "पण घरी पोचतात शून्य. ऑफिसात सगळे संपतात."

हा निळा साचा त्यांनी एका नोकरीच्या जाहिरातीला पाठवून पाहिला. पुढे कंपनीच्या साइटवर एक अर्ज आपोआप भरून आला, त्यात 'आडनाव' या रकान्यात 'लीडरशिप' आणि 'सध्याची कंपनी' या रकान्यात 'मराठी, हिंदी, इंग्रजी'. व्हर्जनराव चार दिवस हादरलेले होते. मग शोध घेऊन त्यांनी मला समजावलं. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी माणूस वाचत नाही. एटीएस नावाचं सॉफ्टवेअर तो उलगडतं, रकान्या-रकान्यांत टाकतं आणि जाहिरातीतल्या शब्दांशी ताडून बघायची सोय देतं. त्यातल्या पुष्कळांना दोन रकाने, चौकटी, चित्रं नीट वाचता येत नाहीत. रकाने एकमेकांत मिसळून आंबील होते. तेव्हा मजकूर साधा, एका रकान्यात, मथळे नेहमीचे, आणि जाहिरातीत 'रिस्क मॅनेजमेंट' म्हटलं असेल तर आपण 'धोक्यांचं नियोजन' असा सुंदर पर्याय शोधायचा नाही. तोच शब्द लिहायचा; अर्थात, ते काम केलं असेल तर.

"म्हणजे पत्रिका जुळवणं झालं," मी म्हटलं. "छत्तीस गुणांपैकी अठरा जुळले की मग मुलगी दाखवायची."

"छत्तीसच!" ते खूश झाले. "पीएमपीलाही छत्तीसच महिने लागतात!"

पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या अमेरिकन संस्थेचं प्रमाणपत्र. पदवीधराला परीक्षेला बसायचं तर प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. व्हर्जनरावांनी २०२२ मध्ये ती दिली, १८० प्रश्न आणि २३० मिनिटं. अभ्यासाच्या त्या सहा महिन्यांत घरातल्या दोघांचा छत्तीसचा आकडा होता, ही माहिती मला वेगळ्या सूत्रांकडून मिळाली. एवढं करून मिळवलेली ती तीन अक्षरं रेझ्युमेत कुठे होती? सातव्या पानावर, 'टायपिंग ४० शब्द प्रतिमिनिट'च्या खाली. मी ती उचलून वर नावाशेजारी नेऊन ठेवली. माझं त्या प्रकल्पातलं पहिलं भरीव योगदान.

श्रावणात, म्हणजे अधिक संपून निज श्रावणात, वीररसाची लाट आली. 'जबाबदार' हद्दपार झाला आणि त्याच्या जागी प्रत्येक ओळीत सेनापती घुसले. कुठे 'ट्रान्सफॉर्म्ड', कुठे 'रिव्होल्यूशनाइज्ड', आणि एका बँकेच्या पगारपत्रकांच्या कामापुढे 'स्पिअरहेडेड'. मी शब्दकोश उघडला. स्पिअरहेड म्हणजे भाल्याचं पातं. सात-चाळीसच्या बसमध्ये, गळ्यात ओळखपत्र आणि हातात भाला, अशी मूर्ती डोळ्यांपुढे येऊन मला ठसका लागला.

"तुम्ही पगारपत्रकांवर भाला चालवलात?"

"नाही हो. तिथे मी दर सोमवारी मीटिंग घ्यायचो."

याच सुमारास माझ्या पेशाला काळिमा फासणारी एक गोष्ट मला कळली. नोकरीच्या संकेतस्थळावर ज्याची माहिती ताजी, तो यादीत वर दिसतो, अशी या लोकांत श्रद्धा आहे. म्हणून व्हर्जनराव रोज सकाळी बसमध्ये बसून शेवटच्या वाक्याचा पूर्णविराम काढायचे आणि संध्याकाळी परतताना पुन्हा घालायचे. पूर्णविराम! ज्याच्यासाठी मी रात्री दोन वाजता छापखान्यात उतरून भांडलेलो आहे, तो बिचारा हिंजवडीला जाऊन-येऊन नोकरी करत होता.

गणपती आले, गेले. 'गो-लाइव्ह' दसऱ्यावर गेलं. गँट चार्टवरच्या पट्ट्या उजवीकडे सरकत सरकत कालनिर्णयवर चढल्या. मी टोकलं, तर त्यांनी थेट लिओनार्डो दा विंचीला साक्षीला काढलं.

"काका, जगातल्या पहिल्या रेझ्युमेंपैकी एक त्याचा. १४८२च्या सुमाराला मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला पत्र लिहिलंय. दहा मुद्दे. हलके पूल बांधीन, खंदकातलं पाणी काढीन, तोफा करीन, झाकलेले रथ करीन. आणि चित्रं काढतो, हे कुठे? दहाव्या मुद्द्यात, शेवटी! का? तर समोरच्याला लढाईची चिंता होती. आपल्याला काय येतं ते नाही, त्याला काय हवं ते आधी."

मुद्दा बिनतोड होता. पण मीही ग्रंथालयाचा सभासद आहे. पुस्तक आणून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी म्हटलं, "त्याच पत्रात शेवटी त्याने ब्राँझचा घोडा करून देतो म्हटलं होतं. दहाएक वर्षांनी मातीचा नमुना झाला. मग साठवलेलं ब्राँझ तोफांसाठी गेलं. घोडा काही झालाच नाही."

व्हर्जनराव क्षणभर गप्प. मग सहानुभूतीने म्हणाले, "रिसोर्स काढून घेतले त्याचे. आमच्याकडेही होतं असं."

हे असंच दिवाळीनंतरही चाललं असतं, पण एका गुरुवारी वीज गेली. आमच्याकडे दुरुस्तीचा वार गुरुवार, त्यामुळे वीज गेली याचं कुणाला काही वाटलं नाही. रात्री आठपर्यंत आली नाही याचं वाटलं. व्हर्जनरावांच्या लॅपटॉपने मान टाकली. मेणबत्तीच्या उजेडात ते प्रथमच हातात काही नसलेले दिसले. माणूस एकदम वयाने लहान वाटला.

मी म्हटलं, "कागद राहू द्या. चौदा प्रोजेक्टपैकी तुम्हाला कुठला आठवतो, तो सांगा."

"त्यातला कुठलाच नाही," ते म्हणाले. "आठवतो तो पंधरावा. तो मी लिहिलेला नाही."

२०१९ची गोष्ट. औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याचं गोदाम जुन्या सॉफ्टवेअरवरून नव्यावर न्यायचं होतं. तारीख ठरलेली, वरिष्ठांनी शब्द दिलेला, केक सांगून ठेवलेला. यांनी हट्टाने आदल्या आठवड्यात रंगीत तालीम घेतली: खऱ्या ऑर्डरी, खोटं गोदाम. संध्याकाळी एक मुलगी म्हणाली, "सर, दहा पट्ट्यांच्या ऑर्डरला दहा खोकी का निघाली?" जुनं सॉफ्टवेअर पट्ट्यांत मोजत होतं, नवं खोक्यांत. एका खोक्यात दहा पट्ट्या. १४ हजार नोंदींपैकी ३,२०० नोंदींत मापच चुकलेलं. दुसऱ्या दिवशी बावीस माणसांच्या कॉलवर हे म्हणाले, चालू करायचं नाही. आवाज चढले. हे एवढंच म्हणत राहिले, चालू करायचं नाही. तीन आठवडे पाच जण बसून एकेक नोंद तपासत होते. मग चालू झालं आणि एकही खोकं चुकलं नाही.

"मग हे लिहिलं का नाही?"

"तीन आठवडे लेट झाला ना काका. रिपोर्टमध्ये लाल खूण पडली. त्या वर्षीचं अप्रेझलही गेलं. उशीर झालेला प्रोजेक्ट कोण लिहितं? आणि लिहायचं तरी काय? काही झालंच नाही ना!"

मेणबत्ती तडतडली. मी काही बोललो नाही, कारण मला माझीच चौतीस वर्षं समोर बसलेली दिसली. मी पकडलेल्या चुका कुणी वाचल्या? त्या छापल्याच गेल्या नाहीत. एकदा, एकदाच, वाढदिवसाच्या फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' गेलं, आणि शेजारच्या दिवंगतांना 'जीवेत् शरदः शतम्'. ते मात्र माझ्या निरोपसमारंभातही तीन वक्त्यांनी सांगितलं. आमच्या दोघांचा धंदा एकच निघाला: घडू न दिलेल्या गोष्टींचा. त्याचा रेझ्युमे लिहिणं अवघड, पण लिहायला हवा तो त्याचाच.

वीजबिलाच्या पाठीवर मी लिहायला घेतलं. प्रश्न मी विचारायचे, उत्तरं त्यांनी द्यायची. किती नोंदी? किती चुकीच्या? कुणी पकडलं? किती दिवस थांबवलं? चालू झाल्यावर काय? ते 'झालं', 'ठरलं', 'करण्यात आलं' म्हणायचे, मी खोडून 'मी' घालायचो. "टीमने केलं हो," ते कळवळून म्हणाले. म्हटलं, "नोंदी टीमने तपासल्या, तसं लिहू. पण 'नाही' कोण म्हणालं?" बराच वेळ गेला. मग हळूच म्हणाले, "मी."

दोन ओळी झाल्या. भाला नाही, जबाबदारी नाही, फक्त रंगीत तालीम, १४ हजार, ३,२००, तीन आठवडे आणि शून्य. त्याच धर्तीवर बाकीच्या चौदांना 'किती' विचारत गेलो, तर नऊ जणांनी उत्तरच दिलं नाही, ते गळाले. नऊ पानांची दोन झाली. वीज आली तेव्हा व्हर्जनरावांनी लॅपटॉप लावला आणि मी श्वास रोखून बघत होतो. त्यांनी फॉन्ट बदलला नाही. फाइलला फक्त स्वतःचं नाव दिलं. रेझ्युमे धनत्रयोदशीला गेला. बेसलाइनच्या मानाने जवळजवळ दोन महिने उशिरा, पण गेला.

आठवड्याने कंपनीतल्या एका बाईंचा फोन आला. पहिला प्रश्न, "सर, नोटिस पिरियड किती?" दुसरा, "करंट सीटीसी?" बाई अजून रेझ्युमेपर्यंत पोचायच्या होत्या. पण मुलाखत झाली. घरी येऊन व्हर्जनराव थेट माझ्याकडे आले, ओळखपत्र आज पहिल्यांदा खिशात.

"चाळीस मिनिटं काका! चाळीस मिनिटं फक्त त्या दोन ओळींवर. 'नाही' कसं म्हणालात, कुणाला म्हणालात, पुन्हा वेळ आली तर म्हणाल का? बाकी काही विचारलंच नाही."

"मग?"

"घेतलं. खूश होते. फक्त उठताना म्हणाले, वरची एक ओळ तेवढी दुरुस्त करा."

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. सगळ्यात वर, नावाखाली, सगळ्यात मोठ्या टायपात त्यांचा हुद्दा होता. इंग्रजी 'मॅनेजर'मधलं मधलं 'ए' गळून तिथे 'मेंजर' झालं होतं. तेवीस व्हर्जनं, न्यू जर्सी, स्टुटगार्ट आणि चौतीस वर्षांचा मुद्रितशोधक, कुणालाही दिसलं नाही. स्पेलचेकनेही हटकलं नाही, कारण 'मेंजर' हा शब्दच आहे. मी शब्दकोश उघडला. मेंजर म्हणजे गव्हाण. गुराघोड्यांना चारा घालतात ती.

व्हर्जनरावांनी वही काढून 'लेसन्स लर्न्ड'खाली नोंद केली: सर्वांत मोठं अक्षर कोणीच तपासत नाही. जबाबदार या रकान्यात त्यांनी माझं नाव घातलं.

मी म्हटलं, "असू द्या. लिओनार्डोचा घोडा राहिला होता ना? त्याच्या गव्हाणीची तरी सोय झाली."